रुचाचं तिकीट

पार्सिपनीच्या त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर गेल्या तीस वर्षांत निदान पंचवीस माणसांनी अमेरिकेत येण्याचा खर्च मांडला असेल. कुणी डॉक्टर, कुणी नर्स, कुणी लॅबमधला, अलीकडे सगळे संगणकवाले. समोर बसलेले असायचे आश्लेषाचे बाबा, हातात पेन्सिल, पुढ्यात पिवळ्या कागदांचं पॅड. तिथल्या मराठी मंडळात म्हणायचे, सुमंतकाका आयुष्यभर पेशंटना भूल देत आले, पण पैशांच्या बाबतीत माणसाला आधी खडबडून जागं करतात.

नोव्हेंबरात आश्लेषाची आई, कांचन, गेली. तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी फिलाडेल्फियातलं कॉलेजचं ग्रंथालय बंद झालं की आश्लेषा गाडी काढायची आणि दोन तासांनी बाबांच्या दारात यायची. ती येते म्हणून बाबा आमटी करून ठेवायचे. मीठ जास्त असायचं. ती खायची.

मार्चमधल्या त्या शनिवारी सकाळी टेबलापाशी मंजुषा बसली होती. मंजुषा नागपूरची, फिजिओथेरपिस्ट, वय एकतीस. तिची मावशी वीणा ही आईची मेडिकल कॉलेजातली मैत्रीण. फिजिओथेरपीची लायसन्सची परीक्षा अमेरिकेतच येऊन द्यावी लागते, म्हणून ती तीन आठवड्यांसाठी आली होती. "आमच्याकडेच उतर" असं आईनं तिला सप्टेंबरात कळवलं होतं. आई गेल्यावर मंजुषानं संकोचून विचारलं, की मी दुसरीकडे कुठे सोय बघू का. बाबांनी तिला एका ओळीचं उत्तर पाठवलं: खोली तयार आहे.

परीक्षा पास झाली. जवळच्याच एका रिहॅब सेंटरनं मुलाखत घेऊन नोकरीही देऊ केली. आता सोमवारी त्यांना होकार कळवायचा, म्हणजे ते एप्रिलच्या एक तारखेला व्हिसाचे कागद भरणार, आणि ऑक्टोबरात मंजुषानं कामावर यायचं. एकटीनं यायचं की नवऱ्याला आणि मुलीला घेऊन, तेवढं कागदावर लिहायचं राहिलं होतं. म्हणजे, मंजुषाच्या मते ते ठरलेलंच होतं. बाबांनी आकडे फक्त तपासून द्यायचे होते.

तिनं नवऱ्यानं करून दिलेला छापील तक्ता पुढे सरकवला. रकाने, रंग, खाली जाड अक्षरात बेरीज.

"यतीननं केलंय का? छान आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी तो तक्ता बाजूला ठेवला. "आता तू सांग, मी लिहितो."

"पण काका, सगळं आहे त्यात. रुपयांत पण आहे."

"म्हणूनच. रुपयांत गुणायला लागलीस की इथे कॉफीसुद्धा पिणार नाहीस, आणि सहा महिन्यांनी थंडीत पातळ जाकीट घालून फिरशील. कांचननं पहिल्या वर्षी तेच केलं होतं. न्यूमोनिया झाला, तिकडे दोनशे डॉलर गेले. बोल. तिकीट?"

"साडेआठशे."

"व्हिसा, लायसन्सची फी?"

"तीनशे. खोली शेअर केली तर महिना साडेचारशे, आणि तेवढंच डिपॉझिट. नऊशे झाले."

"गाडी?"

"जुनी घेईन, दोन हजारांत. इन्शुरन्सचे सुरुवातीचे चारशे. कोट, बूट, गादी वगैरे तीनशे. पहिला पगार होईपर्यंत खायला दोनशे." मंजुषा एका दमात म्हणाली. तिला सगळं पाठ होतं. "चार हजार नऊशे पन्नास. ऑक्टोबरपर्यंत आमच्याकडे पाच हजार दोनशे जमतात. म्हणजे अडीचशे उरले."

"अडीचशे उरले," बाबांनी कौतुकानं म्हटलं. "पंचवीस जणांत कुणाचे उरलेले नव्हते."

आश्लेषा ओट्याशी पोह्यांसाठी कांदा चिरत होती. तिला हे सगळं ऐकत लहानपण गेल्याची आठवण झाली. पुढे काय येणार तेही तिला ठाऊक होतं. बाबा आता शून्यांकडे वळणार.

"विमानतळावरून घरी यायचे शून्य लिहिलेत यतीननं."

"अनिलदादा येणार आहेत ना न्यायला. यतीनचे मावसभाऊ. एडिसनला असतात."

"मग तिथे अनिल लिहू."

"नाव लिहायचं?"

"शून्य म्हणजे कुणीच भरत नाही असं नसतं, मंजुषा. आपल्याऐवजी दुसरं कुणी भरत असतं. ज्याचं त्याचं नाव लिहून ठेवायचं, म्हणजे विसरायला होत नाही. पहिला आठवडा राहणं, जेवण?"

मंजुषा लाजली. "ते... तुमच्याकडे धरलंय."

"सुमंत," बाबांनी लिहिलं. "लाजतेस काय? माझी खिचडी आहे, फार महागात पडत नाही."

"बाबा, खिचडी नको, तिला पहिल्याच आठवड्यात परत जावंसं वाटेल," आश्लेषा ओट्याकडूनच म्हणाली. मंजुषा खळखळून हसली. तीन आठवड्यांत तिनं ती खिचडी पाच वेळा खाल्ली होती.

मग बाबांची पेन्सिल तक्त्यातल्या शेवटच्या ओळीवर थांबली.

"रुचा, नागपूर. शून्य."

रुचा म्हणजे मंजुषाची मुलगी. बावीस महिन्यांची. फ्रीजवर चुंबकानं लावलेला तिचा फोटो मंजुषा आल्या दिवसापासून तिथे होता. अंगात स्वेटर, तोंडात स्वेटरचं बटण.

"सासूबाई बघणार आहेत," मंजुषा म्हणाली. "आणि यतीन तिथेच आहे. वर्षभराचा तर प्रश्न आहे, काका. मी इथे रुळले की दोघांना बोलावून घ्यायचं. तिला काही कळणार पण नाही. खरं सांगू का, ती माझ्यापेक्षा आजीकडेच जास्त जाते. मी दिवसभर क्लिनिकला असते. मी गेले की दोन मिनिटं रडते आणि खेळायला लागते."

"असेल."

"तिथे सासूबाई लिहा."

बाबांनी लिहिलं नाही. त्यांनी पेन्सिल पॅडवर आडवी ठेवली, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसला. आश्लेषानं गॅस बारीक केला. बाबा चष्मा पुसत थांबले की काहीतरी बोलायचं असतं आणि ते त्यांना नको असतं, हे तिला माहीत होतं.

"सत्तर साली मी असंच एक बजेट केलं होतं," बाबा म्हणाले. "आम्ही दोघं नेवार्कच्या हॉस्पिटलात रेसिडेंट होतो. एक दिवसाआड रात्रपाळी. ही मार्चमध्ये झाली." त्यांनी मान न वळवता ओट्याकडे बोट केलं. "सांभाळायला बाई ठेवली तर आठवड्याला पंचवीस डॉलर. शिवाय दोघांना एकदम रात्रपाळी आली की वेगळे. तेव्हा कोल्हापूरच्या एक बाई भारतात परत निघाल्या होत्या. ओळखीच्या. त्या म्हणाल्या, मी नेते हिला आजीकडे. तेव्हा पुष्कळ जण पाठवायचे. आठ महिन्यांची होती. त्यांच्या मांडीवर दिली."

"मला माहितीय हे," आश्लेषा मंजुषाला म्हणाली. "मी परत आले तेव्हा विमानतळावर विचारलं म्हणे, इथे म्हशी कुठे बांधतात. मंडळातल्या प्रत्येकाला ही गोष्ट पाठ आहे."

मंजुषा हसली. बाबा हसले नाहीत.

"वर्षभराचा प्रश्न होता. वर्षाला तेराशेच्या वर वाचतात असा मी आकडा काढला. कांचनला दाखवला. तिनं पाहिला, म्हणाली, गणित बरोबर आहे तुझं. आणि ड्यूटीवर गेली. त्या वर्षी तिला नवजात बाळांचा वॉर्ड होता." बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग माझी परीक्षा पुढे गेली. मग तिची. तिकिटाचे पैसे जमायचे आणि कशात तरी जायचे. वर्षाचे सव्वीस महिने झाले."

"सव्वीस?" मंजुषा म्हणाली.

"जानेवारी त्र्याहत्तर. माझ्या सासूबाई घेऊन आल्या हिला. चांगली बोलायला लागली होती, खणखणीत. दार उघडलं, कांचन पुढे झाली. ही आजीचा पदर धरून उभी. आजी म्हणाली, नमस्कार कर. हिनं केला. आणि म्हणाली, 'काकू, पाणी द्या ना.'"

आश्लेषानं गॅस बंदच केला.

"लहान मूल आहे, होतं असं," बाबा पुढे म्हणाले. "आजी सहा आठवड्यांनी परत गेली. पण ही काकूच म्हणायची. काकू, भूक लागली. काकू, माझी वेणी घाला. फार सभ्य होती, अहो-जाहो करायची. मला आठवडाभरात बाबा म्हणायला लागली, मीही तिला आठवत नव्हतोच तरी. कांचनला मात्र काकू."

"मग काकूंनी... म्हणजे कांचनकाकूंनी सांगितलं नाही का, मी आई आहे म्हणून?" मंजुषानं विचारलं.

"मी तिला तेच म्हणालो. तू सांगत का नाहीस? ती म्हणाली, तिची आई कोल्हापूरला राहिली आहे, ती माझ्याकडे नीट वागतेय, आणखी काय मागू मी तिच्याकडे? थांबू या. आणि ती ओ द्यायची. काकू म्हटलं की, 'काय गं बाळा?' रोज. जानेवारी ते जून."

आश्लेषा खुर्ची ओढून बसली. तिचे हात ओले होते, ते तिनं तसेच मांडीवर ठेवले.

"जूनमध्ये काय झालं?" तिनं विचारलं.

"काही विशेष नाही. तू नर्सरीत जायला लागली होतीस. तिथली मुलं न्यायला आलेल्या बायकांना मॉमी म्हणत. एक दिवस तूही म्हणालीस. 'मॉमी, माय शू.' तुझा बूट सुटला होता. कांचननं पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसून तो बांधला. घरी येऊन मला फोन केला हॉस्पिटलात. मी ऑपरेशन थिएटरमध्ये होतो, निरोप आला, घरून फोन आहे, तातडीचं नाही. 'आई' तू पहिलीत गेल्यावर म्हणायला लागलीस. मंडळातल्या मुलांचं ऐकून."

आश्लेषाला पहिलीच्या आधीचं काही आठवत नव्हतं. तिच्या लेखी आई ही कायम आईच होती. छत्तीस वर्षांची झाली ती, आणि एवढ्या वर्षांत आईनं म्हशींची गोष्ट शंभरदा सांगितली होती, दर वेळी नव्यानं हसून. गोष्ट नेहमी विमानतळावरच संपायची. घराचं दार कधी उघडायचंच नाही.

"मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगायचं नाही असं तिनं बजावलं होतं. पोरीला उगाच अपराधी वाटेल म्हणाली."

"आणि आता?"

"आता तिला विचारता येत नाही," बाबा म्हणाले. "म्हणून मीच ठरवलं."

आश्लेषा उठली, तिनं गॅस पेटवला, कांदा परतला, पोहे घातले आणि तिघांच्या बशा भरून आणल्या. खाताना बाबा म्हणाले, "लिंबू हवं होतं," आणि आश्लेषा म्हणाली, "फ्रीजमध्ये आहे, उठा की," आणि ते उठले. मंजुषा पोहे चमच्यानं नुसते इकडून तिकडे करत होती.

"काका, मी तुमचं ऐकून घाबरून निर्णय घ्यायचा का?" ती म्हणाली. आवाज जरा चढला होता. "सत्तर साली फोन नव्हते. आता मी रोज बोलेन तिच्याशी. वेबकॅम आहे. तुमचं तसं झालं म्हणून माझं तसंच होईल असं थोडंच आहे?"

"अजिबात नाही," बाबा म्हणाले. "कदाचित काहीच होणार नाही. यतीन तिथे आहे, तो फरक मोठा आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की ते शून्य नाही. मी तिथे शून्य लिहिलं होतं. तू लिहायच्या आधी दुसरी बेरीज करून तरी बघ. मग जे ठरवशील ते ठरव."

"दुसरी बेरीज बघूनच हे ठरवलंय. तिघांचं जमत नाही."

"किती जमत नाही?"

मंजुषानं बशी बाजूला सारली. "तीन तिकिटं. रुचाचं मुलांचं तिकीट, साडेसहाशेच्या आसपास."

"सहाशे चाळीस धरू. दोन हजार तीनशे चाळीस." बाबांनी नवा कागद काढला होता.

"वेगळं अपार्टमेंट लागेल. भाडं हजार, डिपॉझिट दीड हजार. गाडी, तिचा इन्शुरन्स तेच. सामान, कपडे सातशे. खाणं चारशे. फिया पाचशे. आठ हजार आठशे चाळीस." ही बेरीजही तिला पाठ होती. आश्लेषाच्या ते लक्षात आलं. ज्याचा विचारच केला नाही तो आकडा असा पाठ नसतो. "तीन हजार सहाशे चाळीस कमी पडतात, काका. कुणाकडून घेणार नाही मी. माझ्या बाबांनी परीक्षेसाठीच एवढं केलंय."

"देतोय कोण? मी भाडेकरू शोधतोय," बाबा म्हणाले. "वरच्या दोन खोल्या. महिना चारशे. दोन महिने राहा, पगारातून डिपॉझिट साठव, मग जा. पहिल्या महिन्याचे आगाऊ घेणार. अडीच हजारांच्या जागी चारशे."

मंजुषानं आश्लेषाकडे पाहिलं. घर तिच्या आईचंही होतं, म्हणून असेल.

"रुचा भिंतींवर लिहिते," ती म्हणाली.

"मी कधी लिहिलं नाही म्हणे," आश्लेषा म्हणाली. "फार सभ्य होते. लिहू दे कुणीतरी."

"राहिले पंधराशे चाळीस," बाबा म्हणाले. "यतीनकडे मोटरसायकल आहे?"

"आहे. पण ती त्याचा जीव आहे."

"इथे आणता येणार नाही. किती येतील?"

"पंचवीस हजार. म्हणजे साडेपाचशे, पावणेसहाशे..."

"पाचशे साठ. राहिले नऊशे ऐंशी."

नऊशे ऐंशीपाशी सगळं अडलं. सामानातून कापून बघितलं, तर बाबांनी कोटाला हात लावू दिला नाही. गाडी पंधराशेत बघू, मंजुषा म्हणाली, तर बाबा म्हणाले, मग दुरुस्तीचे पाचशे वर लिही. अर्ध्या तासानंतरही नऊशे ऐंशी तिथेच होते. बाबांनी त्यांच्याखाली रेघ मारली आणि पॅड तिच्याकडे फिरवलं.

"हे कुठून आणायचे, मला माहीत नाही. खोटं सांगणार नाही. या कागदावर तुझे अडीचशे उरतात. या कागदावर नऊशे ऐंशी कमी पडतात. दोन्ही बरोबर आहेत."

मंजुषा दोन्ही कागद समोर ठेवून बसली. सकाळचे दहा वाजायला आले होते, नागपूरला रात्रीचे साडेआठ. रोज या वेळी ती फोन करायची. तिनं परदेशी फोनसाठीच्या कार्डावरचा लांबलचक नंबर दाबला. हात मोकळे हवेत म्हणून असेल, किंवा एकटीनं बोलायचं नसेल, तिनं फोनचा स्पीकर चालू केला.

"काय म्हणताहेत काका? पास केलं का माझं बजेट?" यतीनचा आवाज आला.

"यतीन, मी सोमवारी तिघांचं कळवतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे तू, मी आणि रुचा. ऑक्टोबर."

"अगं मंजू, ठरलं होतं ना आपलं? पुरत नाहीत पैसे. मी तीनदा केलंय ते."

"नऊशे ऐंशी पुरत नाहीत. ते बघू आपण दोघं. सात महिने आहेत."

"नऊशे ऐंशी? साडेतीन हजारांवर होते ना?"

"दोन महिने काकांकडे भाड्यानं राहायचं. आणि तुझी मोटरसायकल."

"माझी मोटरसायकल विकायचं कुणी ठरवलं?"

"मी," बाबा स्पीकरकडे वाकून म्हणाले. "नमस्कार, यतीन."

"नमस्कार काका," यतीन गडबडून म्हणाला. "मी तिथे करणार काय पण? मला तर त्या व्हिसावर काम करता येणार नाही."

"रुचाला सांभाळ," मंजुषा म्हणाली. "मी थकून घरी आले की कुणीतरी आपल्यातलं असावं मला. यतीन, तीन आठवडे झालेत. काल फोनवर ती माझ्याशी बोलली नाही, पळून गेली. मला चालणार नाही ते. गणित चुकू दे."

पलीकडे कुजबुज झाली. फोन हातातून हातात गेला. मंजुषाच्या सासूबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं.

"एवढ्या थंडीत नेणार पोरीला?"

"हो, आई."

"बरं. आत्ता सांगितलंस ते बरं केलंस. मी तिला बालवाडीत घालायचं बघून आले होते, आपल्या चौकातली. सांगते त्यांना, नको म्हणून." मागे रुचा कशावर तरी चमचा आपटत होती. "मंजू, तिला मी आठवेन का गं तिकडे?"

मंजुषानं तोंडावर हात धरला आणि आश्लेषाकडे पाहिलं.

आश्लेषाला कोल्हापूरची आजी आठवत नव्हती. फोटोतली नऊवारी आणि बारीक कुंकू तेवढं माहीत होतं. सव्वीस महिने जिनं तिला भरवलं, जिला ती आई समजत असेल, ती सहा आठवडे इथे राहून एकटी परत गेली होती, आणि त्या परतीच्या प्रवासाची गोष्ट या घरात कुणीच सांगितलेली नव्हती. बाबांनीही आज सांगितली नाही. त्यांना ती माहीत नसणार.

"आजी, मी आश्लेषा बोलतेय, सुमंतकाकांची मुलगी," ती म्हणाली. "एवढ्या लहानपणचं राहत नाही लक्षात. मला नाही राहिलं. म्हणून तुम्हीच इकडे या. तिला विसरायला वेळ मिळायच्या आत."

"मी? अगं, मी मुंबईला पण एकटी गेले नाही कधी."

"ओळखीचं कुणीतरी नेऊन सोडेल विमानापर्यंत. इथे मी येईन न्यायला."

"खर्च किती येतो?" सासूबाईंनी विचारलं. विचारताना आवाज जरा हलका झाला होता.

बाबांनी तोवर पॅड स्वतःकडे ओढलं होतं. नऊशे ऐंशीखालची रेघ त्यांनी खोडरबरानं पुसली, तिथे लिहिलं, 'आजी, येऊन-जाऊन, पुढचा एप्रिल,' आणि पुढे अकराशे.

"काका, अहो!" मंजुषा डोळे पुसत म्हणाली. "दोन हजार ऐंशी झाले."

"झाले," बाबा म्हणाले. "प्रवासाचा इन्शुरन्स अजून धरला नाही. थांब."